नववी पायरी

मल्हाररावांनी स्वयंपाकघरात शिरून रत्नाबाईंना टेप लावली, तेव्हाच खरं तर सगळ्या बसवनगुडीनं सावध व्हायला हवं होतं.

रत्नाबाई उपीट ढवळत होत्या. मल्हाररावांनी आधी त्यांची टाच ते कंबर मोजली, मग कंबर ते खांदा, आणि मग पेन्सिल कानावर खोचून म्हणाले, "हात वर कर."

"कशाला?"

"कर गं. स्वल्प वर. अजून. झारा राहू दे हातात, झाऱ्याची लांबी मी वजा करतो."

चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं आपल्याकडे इतकं निरखून बघितल्याचं रत्नाबाईंना आठवत नव्हतं. त्या नादात त्यांनी हात वर केला आणि उपीट तळाला लागलं. मल्हाररावांनी ते करपलेलं उपीट तक्रार न करता खाल्लं. तिथंच रत्नाबाई सावध झाल्या. हा माणूस उपिटाला नाव ठेवत नाही म्हणजे याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

शिजत होतं ते दुकान. रत्नाबाईंच्या वडिलांनी त्यांना बाहुल्यांचं एक दुकान ठेवलं होतं. एका शटरचा गाळा, वर्षभर अर्धा झोपलेला आणि दसऱ्याला जागा होणारा. नवरात्रात बंगळुरात घरोघर बाहुल्या मांडतात, पायऱ्या रचून, त्याला म्हणायचं बोंबे हब्ब. वर राजा-राणी, मध्ये देव, आणि सगळ्यात खाली ढेरपोट्या शेट्टी आणि त्याची शेट्टम्मा, पुढ्यात डाळ-तांदळाचा बाजार मांडून. या बाहुल्या रत्नाबाई गवताच्या टोपल्यांत ठेवत. गिऱ्हाइकानं "सहा इंचांचा कृष्ण" म्हटलं की त्या चटईवरून खांद्यापर्यंत हात गवतात घालत आणि सहा इंचांचाच कृष्ण बाहेर काढत. एकदा म्हणे एका बाईनं त्यांची परीक्षा बघायला "डावा पाय पुढं असलेला हत्ती" मागितला. रत्नाबाईंनी दोन काढून दिले आणि विचारलं, सोंड कुठल्या बाजूला?

पण गवत तेच, हात तेच, गुडघे मात्र सासष्ट वर्षांचे झाले. गेल्या दसऱ्याला त्या चटईवर बसल्या त्या बसल्याच. चार गिऱ्हाइकांनी मिळून त्यांना उठवलं, त्या भरात एक गिऱ्हाईक स्वतःच पडलं, मग त्याला उठवलं. घरी आल्यावर रत्नाबाई म्हणाल्या, "बास. पुढचा दसरा शेवटचा. वाकायला न लागता दुकान चाललं तर ठेवीन. नाही तर विजयादशमीला संध्याकाळी किल्ली नंदूला."

नंदू म्हणजे मोबाइलची कव्हरं विकणारा. बोलायला गोड. हे शब्द कानावर गेल्यापासून तो रोज येऊन "अक्का, तब्येत कशी?" असं विचारत होता आणि विचारता विचारता भिंतीवर खुंट्या किती बसतील ते बोटांनी मोजत होता.

मल्हाररावांना ती बोटं सहन झाली नाहीत. ते चौतीस वर्षं एका सरकारी कारखान्यात ड्रॉइंग काढत होते. अशी ड्रॉइंगं, की त्यांच्या कागदावरच्या बोल्टला एकदा स्टोअरकीपरनं पाना लावून बघितला होता. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे कोणी काही काढायला दिलं नव्हतं. फार तर वाणसामानाची यादी. ते म्हणाले, "रत्ना, तू वाकायचं नाहीस. दुकानच तुझ्या हाताशी आणतो."

आठ दिवसांत पाच कागद तयार झाले. समोरून, बाजूनं, वरून, आतून, आणि पाचवा फक्त भिंगातून बघायचा. बेत साधा होता. गाळ्यात मागं साठ्याला जागा सोडून लाकडी पायऱ्यांचा मांड. सगळ्यात खालची पायरी बरोबर रत्नाबाईंच्या कमरेला, सगळ्यात वरची त्यांच्या वर केलेल्या हाताला, झारा वजा जाता. एका कडेला त्यांना उभं राहायला दोन फुटांची गल्ली. गल्लीत प्रत्येक पायरीची एकेक दांडी. दांडी ओढली की ती पायरी कपाटाच्या खणासारखी आडवी सरकत गल्लीत येते, बाहुली आपसूक हाताशी. वाकणं नाही, चढणं नाही. उंचीला सहा इंचांनी भागलं, जाडी वजा केली, आणि उत्तर आलं आठ. आठ पायऱ्या. ना एक कमी, ना एक जास्त. मल्हाररावांनी आठच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

आता माणसानं असा कागद घडी घालून थेट सुताराकडे न्यावा. मल्हाररावांनी तो शेजारच्या दुकानात वादिराजांना दाखवला.

वादिराज तांब्या-पितळेची भांडी, कापूर, उदबत्त्या विकत. माणूस पक्का कानडी, पण रत्नाबाईंच्या वडिलांबरोबर वीस वर्षं पत्ते खेळून मराठी शिकलेला. त्यामुळं त्यांच्या मराठीत अजून अधूनमधून बदाम-इस्पिकचा सूर लागे. त्यांनी कागद उन्हात धरला, पायऱ्या मोजल्या, आणि कागद असा खाली ठेवला जसं काही तो ओला आहे.

"अय्यो. आठ?"

"आठ."

"मल्हारराव, बोंबे हब्बला तीन पायरी, पाच पायरी, सात, नऊ. आठ कोण ठेवतंय हो?"

"पण हा दसऱ्याचा देखावा नाही, वादिराज. हा माल ठेवायचा मांड आहे. कपाट समजा."

"मी समजतो. बायका समजणार काय? येणार, मोजणार, जाणार. आमच्या मावशीनं एक वर्ष चुकून आठ ठेवलं. काय झालं माहीत आहे?"

"काय?"

"जावई अमेरिकेला गेला."

"मग चांगलंच की."

"मुलीला इथंच सोडून," वादिराज म्हणाले आणि उदबत्त्यांचे पुडे सारखे करायला लागले.

मल्हारराव तीन दिवस अढळ राहिले. चौथ्या दिवशी रत्नाबाईंनी भाजी निवडता निवडता एवढंच म्हटलं, "नऊ करा. लोक मोजतात." मल्हाररावांनी हिशेब पुन्हा मांडला. वर जागा नव्हती. मध्ये घातली तर बाहुल्यांची डोकी आपटत होती. राहिलं खाली, पुढच्या बाजूला. म्हणून आठ पायऱ्यांच्या पुढं एक सुटी, बुटकी, दीड फूट उंचीची नववी पायरी आली. ती शटरच्या रेषेबाहेर चार इंच जात होती. रात्री शटर ओढायच्या आधी ती उचलून आत घ्यायची आणि सकाळी परत लावायची. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बदलांची नोंद करायचा रकाना असतो. तिथं मल्हाररावांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आठऐवजी नऊ. कारण: वादिराज.'

सुतार होता बसवंत, मूळचा निपाणीकडचा, बंगळुरातल्याच शिवाजीनगरात बसस्टँडमागं त्याची वर्कशॉप. देवळांचे मंडप, पालख्या, रथाची कामं करून हात बसलेला. त्यानं पाचही कागद उलटे धरून पाहिले.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "पण ह्येची कमान कुठं हाय वो?"

"कमान नाही."

"कमान न्हाई म्हंजे? वर उघडंबोडकंच?"

"बसवंत, हे दुकानाचं सामान आहे. सरळ फळ्या, सरळ खांब. माझ्या ड्रॉइंगात एकही गोल रेघ आहे का?"

"तेच म्हणतोय की वो मी," बसवंत दुःखानं म्हणाला.

आणि याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सर्जापूर रोडहून सूनबाई आल्या. अश्लेषा मूळची पुण्याची, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सर्जापूर रोडहून बसवनगुडीला यायचं म्हणजे पूर्वी लोक जेवढ्या वेळात मुलूख जिंकून परत येत तेवढा वेळ लागतो, म्हणून ती आली की तिचं ऐकावंच लागे. ड्रॉइंग बघून ती म्हणाली, "बाबा, हे टू गुड आहे. सीरियसली. पण बेसिकली यात फील नाहीये. वॉर्म लाइट्स पाहिजेत, वरून स्पॉट. मागं अगदी हलकी वीणा. आणि चंदनाचा एक डिफ्यूजर. कस्टमर थांबला पाहिजे."

"थांबला की गर्दी होते," रत्नाबाई म्हणाल्या.

"एक्झॅक्टली, आई!"

मल्हाररावांनी नाही म्हटलं. दोन दिवसांनी सगळं सामान पार्सलनं घरपोच आलं. परत पाठवायचं तर फोनवर सहा आकड्यांचा कोड टाकायचा होता, तो अश्लेषाच्या फोनवर जात होता आणि अश्लेषा मीटिंगमध्ये होती. मल्हाररावांनी दिवे लावून टाकले.

नवरात्राच्या आदल्या दिवशी टेम्पो आला. सहा माणसांनी मांड उतरवला तेव्हा मल्हारराव आधी चुकून बाजूला झाले. त्यांना वाटलं कुठल्यातरी देवळाचं सामान चाललंय. आठ पायऱ्या, नववी पुढं, सगळं मिलिमीटरला बरोबर. पण डोक्यावर कमान होती. कमानीच्या माथ्यावर डोळे वटारलेलं सिंहमुख, दोन्ही बाजूंना मकर, खाली वेलबुट्टी, आणि खांबांना कमळं.

"बसवंत!"

"ह्येचं पैसं न्हाई घेत वो मी. मोकळं लाकूड बघवंना, हात आपोआप गेला."

"काढ ते."

"काढतो की. पण मागं फळीला भोकं दिसतील. चालंल?"

मल्हाररावांच्या आयुष्यात भोक चुकलेलं नव्हतं. त्यांनी कमान राहू दिली. त्यांच्या कागदात कुठंच काही चुकलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. मागाहून लोक नको ते बोलले म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी नऊ वाजता रत्नाबाईंनी बाहुल्या लावल्या. जशा हाताला सवयीच्या तशाच: वर चंदनी राजा-राणी, मग देव, सहाव्या पायरीवर तंजावरच्या मान डोलावणाऱ्या अकरा बाहुल्या, आणि नववीवर शेट्टी-शेट्टम्मा. मल्हाररावांनी बटण दाबलं. सोनेरी उजेड वरून ओघळला, सिंहमुखानं डोळे वटारले, वीणा सुरू झाली, चंदन दरवळलं.

रस्ता शांत झाला. फुलवाली गंगव्वा तीस वर्षं दुकानाबाहेरच्या फूटपाथवर बसून फुलं विकत होती, आणि तीस वर्षांत धंद्याच्या वेळी ती जागेवरून उठलेली कोणी पाहिली नव्हती. ती उठली. चपला काढल्या. शेवंतीची एक माळ घेऊन आली आणि नवव्या पायरीवर वाहून, गालावर हळूच थापट्या मारून घेत उभी राहिली.

"गंगव्वा, अगं, दुकान आहे हे!" मल्हारराव म्हणाले.

"असू दे की, अण्णा. देवाला दुकान वर्ज्य हाय काय?"

दहाच्या सुमाराला बाहेर चाळीस जोडी चपला होत्या. लोक येत, पायऱ्या मोजत, नऊ भरल्यावर समाधानानं हात जोडत. साडेदहाला पहिलं खरं गिऱ्हाईक आलं. एका बाईनं चौथ्या पायरीवरच्या कृष्णाकडे बोट दाखवलं. मल्हाररावांचा ऊर भरून आला. त्यांनी रत्नाबाईंना खूण केली, रत्नाबाईंनी दांडीला हात घातला, आणि मागून पाच-सहा जणी एकदम ओरडल्या, "अय्यो अक्का! मांडल्यावर हलवतात होय?"

हे मात्र खरं. एकदा बाहुल्या मांडून पूजा झाली की विजयादशमीपर्यंत एकीलाही जागेवरून हलवायचं नाही. त्या रात्री राजा-राणीला आडवं करायचं, निजवायचं, तेव्हा सण उठला. तोवर हात लावणं म्हणजे भरल्या पंगतीतून माणूस उठवणं. आणि पूजा तर झालीच होती. गंगव्वाची माळ साक्षीला होती. ती गिऱ्हाईक बाई स्वतःच जीभ चावून म्हणाली, "राहू दे राहू दे. माझंच चुकलं." आणि कृष्णापुढं नाणं ठेवून गेली.

मल्हाररावांनी प्रत्येक बाहुलीला किमतीची चिठ्ठी लावली. लोकांना वाटलं तेवढी दक्षिणा ठेवायची प्रथा आहे. बऱ्याच जणांनी घासाघीस न करता ठेवली. त्यांनी कानडीत आणि मराठीत 'सर्व बाहुल्या विकण्यासाठी आहेत' अशी पाटी लावली. दुपारपर्यंत पाटीला हळदीकुंकू लागलं. आणि धंदा होत नव्हता म्हणावं तर तसंही नाही. गंगव्वाची टोपली अकरालाच रिकामी होऊन दुसरी आली. वादिराजांचा गेल्या दोन वर्षांचा कापूर संपला. "नऊ पायऱ्यांचा गुण," असं ते मल्हाररावांना बघून तीनदा म्हणाले. बसवंत दुपारी लाकडाचा भुसा झटकत आला आणि कमानीखाली अशा बेतानं उभा राहिला की विचारणाऱ्याला फार शोधावं लागू नये. सगळ्या रस्त्यावर विकलं जात नव्हतं ते फक्त बाहुल्यांच्या दुकानातलं.

रत्नाबाईंचं तर विचारूच नका. आलेली बाई सवाष्ण, तिला हळदीकुंकू दिल्याशिवाय कसं पाठवायचं? मग कोणीतरी विचारलं, "प्रसाद नाही?" म्हणून दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून पातेलंभर हरभऱ्याची उसळ. वाकायला लागत नव्हतं, ही गोष्ट खरी. पण सकाळी नऊ ते रात्री नऊ त्या गल्लीत उभ्या होत्या. बसायला जागाच नव्हती. मल्हाररावांच्या पाच कागदांत रत्नाबाईंचं बसणं कुठंच धरलेलं नव्हतं. आणि नवव्या पायरीचीही पूजा झाल्यामुळं ती आत घेता येईना, पायरी आत येईना म्हणून शटर लागेना, म्हणून मल्हाररावांना राखणीला दुकानात झोपावं लागलं, अकरा डोलणाऱ्या बाहुल्यांच्या नजरेखाली.

तिसऱ्या दिवशी त्यांचा संयम सुटला. ते गर्दीपुढं उभे राहून कानडीत म्हणाले, "हे यंत्र आहे. यंत्र! बघा, दांडी ओढली की पायरी सरकते. यात देवाचं काही नाही." आणि त्यांनी सहावी दांडी खसकन ओढली.

त्याच क्षणाला जयनगरच्या एक बाई डोळे मिटून, मुलीचं लग्न या वर्षी तरी ठरेल का, असं मोठ्यानं विचारत होत्या. पायरी सरकली. अकराच्या अकरा बाहुल्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडे मान कशीही हलली तरी तिचा अर्थ होच होतो, आणि तोही एकदम अकरांचा. बाईंनी जमिनीवर लोटांगण घातलं. संध्याकाळी त्यांच्या घरी म्हणे स्थळाचा फोन आला. आता तो फोन आधीच यायचा होता की कसं ते कोणाला माहीत, पण चौथ्या दिवशी सकाळी रांग वादिराजांच्या दुकानावरून वळून पलीकडच्या चौकात गेली होती, आणि अश्लेषाचा फोन आला, "बाबा, तुम्ही ट्रेंडिंग आहात!"

"आम्ही एकही बाहुली विकलेली नाही," मल्हारराव म्हणाले.

"बट द एंगेजमेंट, बाबा!"

रांगेत पुढं एक गृहस्थ होते, हातात वही आणि पट्टी. पालिकेतून आले होते, नाव शिवकुमार. फूटपाथ अडवल्याची तक्रार होती. त्यांनी मोजायला वाकण्याआधी सवयीनं बूट काढले, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. बूट काढून त्यांनी मोजलं. चार इंच बाहेर.

"हे दुकान आहे की देऊळ?" साहेबांनी कानडीत विचारलं.

"दुकान."

"दुकान असेल तर चार इंचांची नोटीस. देऊळ असेल तर ते माझ्याकडे येत नाही, वेगळं टेबल आहे."

"दुकानच आहे. परवाना आहे माझ्याकडे."

"सरी, ठीक आहे. मग या चार दिवसांतली विक्रीची एखादी पावती दाखवा."

मल्हाररावांनी पावतीपुस्तक उघडलं. कोरं. साहेबांनी ते पान उलटलं, पुढचं उलटलं, आणि सहानुभूतीनं बघितलं. चौतीस वर्षांत मल्हाररावांकडे कोणी सहानुभूतीनं बघितलं नव्हतं; ते रागावून बघितलेलं त्यांना परवडलं असतं.

"चार दिवसांत एक वस्तू विकली नाही. भक्त एवढे. उद्या वरच्या साहेबांना मी काय सांगू?" विचार करून साहेब म्हणाले, "असं करा. एक हमीपत्र द्या. 'वर मांडलेले देव हे देव नसून माल आहे.' खाली सही, तारीख."

मल्हाररावांनी पेन काढलं. देव देव नाहीत असं लिहायला सुरुवात केली, आणि पाचव्या पायरीवरून चामुंडेश्वरीनं त्यांच्याकडे पाहिलं. पेन चालेना. नोटीस नको म्हणून देवीला लेखी नाकारायचं? ते पेन हातात धरून उभे राहिले. साहेबही जरा घुटमळले, मग घसा साफ करून हळूच म्हणाले, "ते राहू दे. ती सहावी पायरी स्वल्प ओढता का? बदलीचं विचारायचं होतं."

हे सगळं रत्नाबाई गल्लीतून बघत होत्या. पाय सुजून त्यांचे पैंजण रुतले होते. त्याच वेळी नंदू रांगेच्या कडेनं आत आला; या खेपेला खरी टेप घेऊन. "अक्का, तब्येत कशी? विजयादशमीला संध्याकाळीच येऊ ना?" आणि भिंतीला टेप लावली.

रत्नाबाईंनी टेपेकडे पाहिलं. कोऱ्या पावतीपुस्तकाकडे पाहिलं. मग पेन धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी सगळ्यात वरची दांडी ओढली. राजा-राणी सरकत त्यांच्या हाताशी आले. त्यांनी दोघांना उचललं, कोपऱ्यातली जुनी गवताची टोपली ओढली, आणि दोघांना त्यात आडवं करून वर पदराचं टोक पांघरलं.

वीणा तेवढी वाजत राहिली. मग गर्दीतून एकच हलकल्लोळ. "अय्यो! विजयादशमीला सहा दिवस आहेत! आत्ताच निजवलं?"

"दमलेत," रत्नाबाई म्हणाल्या.

"कोण दमलंय?"

"हे दोघं. चार दिवस उभे आहेत, न बसता. मीही चार दिवस उभी आहे. माझे पाय बघा, आणि सांगा यांचे कसे असतील." आणि त्यांनी लुगडं वीतभर उचलून पाय दाखवला.

समोर साठ बायका होत्या. त्यातल्या निम्म्या पन्नाशीच्या पुढच्या, आणि सगळ्या दीड-दोन तास रांगेत उभ्या. पाय सगळ्यांनी पाहिला. मग सगळ्यात म्हाताऱ्या आजी काठी टेकत पुढं आल्या, टोपलीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "झोपू दे गं त्यांना. माझा मेला डावा गुडघा तर सकाळपासून बोलायला लागलाय." गंगव्वा आपल्या जागेवरून म्हणाली, "निजला राजा तर निजला. त्यालाबी माणसासारखंच पाय हायत." बसलेली होती म्हणून तिला बोलणं सोपं.

झालं. राजा निजला म्हणजे सण उठला. पण लोक अजून हात जोडून होते. सवय अशी एकदम सुटत नाही. रत्नाबाई मल्हाररावांकडे वळल्या. "ही पुढची पायरी उचला."

"मग आठ होतील."

"तुमच्या कागदात किती होत्या?"

मल्हाररावांनी पेन खिशाला लावलं. ते स्पष्ट म्हणाले, "आठ."

"मग? उचला."

एका बाजूनं मल्हाररावांनी, दुसऱ्या बाजूनं आजही कमानीखाली उभ्या असलेल्या बसवंतनं पायरी उचलली. शेट्टी-शेट्टम्मा रत्नाबाईंनी काखेत घेतले. लोकांनी नजरेनं मोजलं. एक, दोन, पाच, सात, आठ. पुन्हा मोजलं. आठच. मंडळींनी हात खाली घेतले. कोणाच्या तरी चपलेचा आवाज झाला, मग दुसऱ्या, मग सगळ्याच चपला पायात. आणि त्या गडबडीत एका बाईनं चौथ्या पायरीवरचा कृष्ण थेट हातात घेतला, उलटा करून तळ पाहिला, नखानं रंग खरवडून बघितला आणि म्हणाली, "केवढ्याला हो अक्का? काहीतरी कमी करा."

कमी करा! मल्हाररावांना भिंत धरावी लागली. चार दिवस सगळ्यांनी नमस्कार केला होता, कमी करा असं कोणी म्हणालं नव्हतं. देवाला असं कोणी म्हणत नाही. हे फक्त दुकानदाराला म्हणतात.

दांड्या सरकायला लागल्या. सहावी, तिसरी, सहावी, पाचवी. साहेबांनी चार इंच मोजले, तिथं आता मोकळा फूटपाथ होता; त्यांनी वहीत रेघ मारली, बूट घातले, आणि एक मान डोलावणारी बाहुली घेतली, रीतसर पावती करून. "घरीच विचारीन," ते म्हणाले. वादिराज दारात उभे होते. "आठ," ते स्वतःशीच म्हणाले. "आठ पण चालतंय म्हणजे. मावशीला सांगायला हवं होतं."

नववी पायरी कुठं ठेवायची, हा प्रश्न राहिला. आत जागा नव्हती, म्हणून बसवंतनं ती गल्लीत टेकवली. रत्नाबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बसल्या. दीड फूट. पाय जमिनीला टेकलेले, गुडघे काटकोनात, दांड्या हाताशी, टोपली शेजारी. त्यांच्या तोंडून "अम्मा" असा एक लांब श्वास निघाला. मल्हारराव शेजारी उभे राहिले तेव्हा समोरच्या आजींना हसू आवरेना. त्या आपल्या नातीला म्हणाल्या, "बघ, शेट्टी आणि शेट्टम्मा!" मल्हाररावांनी पोट आत घेतलं, पण एवढ्या गिऱ्हाइकांना माल देताना ते फार वेळ आत राहिलं नाही.

घरी जाऊन त्यांनी ड्रॉइंग बाहेर काढलं आणि बदलांच्या रकान्यात लिहिलं, 'नऊऐवजी आठ. मूळ आकडा बरोबर होता.' हे वाक्य त्यांनी दोनदा गिरवलं. मग थोडं थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली, 'नववी पायरी: रत्नासाठी. ही माझ्या लक्षात यायला हवी होती.' आणि सही केली.

विजयादशमीला संध्याकाळी नंदू आला. नवा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. मांडावर दोन घोडे आणि एक सासुरवाशीण एवढंच शिल्लक होतं. "अक्का," तो गोड आवाजात म्हणाला, "ती किल्ली..."

किल्ली रत्नाबाईंच्या कमरेला होती. त्यांनी पेढा घेतला, तोंडात टाकला.

"देते की," त्या म्हणाल्या. "आत्ताच बसले आहे बघ. उठले की देते."

या गोष्टीला दोन दसरे झाले. नंदू अजून येतो, तब्येत विचारतो. रत्नाबाई काही अजून उठलेल्या नाहीत.